हा राग कोणाला आला? आत्मविचार प्रत्यक्ष कसा करायचा

मराठीत राग येतो, भूक लागते, कंटाळा येतो, आठवण होते, लाज वाटते. यातलं एकही आपण 'करत' नाही. ते कुठून तरी येतं, लागतं, होतं, वाटतं, आणि दर वेळी एकाच पत्त्यावर पोचतं: 'मला'. मला राग आला. मला कंटाळा आला. शाळेत याला चतुर्थी विभक्ती म्हणून पाठ केलं आणि पुढच्या धड्याला लागलो. पण इतकं टपाल रोज एकाच पत्त्यावर येतं, तर ते घेणारं घरात कोण आहे, हे बघायला आपण कधी गेलो नाही.

ते बघायला जाणं म्हणजे आत्मविचार. या शब्दातला 'विचार' जरा फसवा आहे. विचार म्हटलं की आपण डोकं चालवायला लागतो. इथे 'विचारणं' धरा, दारावर थाप मारून चौकशी करणं. विचार करून सुटणारं हे कोडं असतं, तर आपल्याकडच्या प्रवचनकारांनी केव्हाच सोडवून ठेवलं असतं.

मी हे साधारण अकरा वर्षं करते आहे. मध्ये दोन वर्षं पूर्ण बंद होतं, आजही आठवड्यातून एक-दोन दिवस बुडतात. मी कोणाची गुरू नाही. पण सुरुवातीला मला जे कोणी नीट सांगितलं नाही, म्हणजे बसल्यावर नेमकं करायचं काय, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सोळा वर्षांच्या मुलाने काय केलं

जुलै १८९६. मदुराईत काकांच्या घरी माडीवर बसलेल्या वेंकटरमण नावाच्या मुलाला अचानक मरणाची भीती वाटली. तब्येत ठणठणीत होती. त्याने कोणाला हाक मारली नाही. तो आडवा झाला, हातपाय ताठ केले, ओठ मिटले, श्वास रोखला आणि शरीर मेलंय असं धरून बघू लागला. आता हे उचलतील, स्मशानात नेतील, जाळतील. पण याच्याबरोबर 'मी' मेलो का? उत्तर त्याने तर्काने काढलं नाही. शरीर निपचित पडलं असताना 'मी' हे भान जागच्या जागी आहे, हे त्याला सरळ दिसलं. तुकोबांनीही आपलं मरण आपल्याच डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं आहे. ते वाचताना मला आता हा मुलगा आठवतो.

सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, त्याने घर सोडलं. भावाच्या कॉलेजची फी भरायला पाच रुपये मिळाले होते. त्यातले तीन घेतले, दोन चिठ्ठीसोबत ठेवले. त्या चिठ्ठीची सुरुवात 'मी' ने होते. पुढच्या वाक्यापासून 'मी' गायब होतो आणि त्या जागी 'हे' येतं. शेवटी सही नाही, नुसती रेघ. १ सप्टेंबरला तो तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैला पोचला आणि १४ एप्रिल १९५० रोजी देह ठेवेपर्यंत तिथला अरुणाचल डोंगर सोडून गेला नाही. जग त्यांना रमण महर्षी म्हणून ओळखतं. फीचे दोन रुपये आठवणीने ठेवणारा हा वैराग्यवीर मला फार आवडतो.

१९०२च्या सुमारास महसूल खात्यातले शिवप्रकाशम पिळ्ळै प्रश्न घेऊन त्यांच्याकडे आले. पहिलाच प्रश्न होता, मी कोण? महर्षी तेव्हा बोलत नसत. उत्तरं वाळूत बोटाने किंवा पाटीवर लिहून देत. खाली दिलेल्या पद्धतीचा कणा त्या उत्तरांतला आहे. त्याला मी आपल्या मराठी परंपरेतल्या दोन वाटा जोडल्या आहेत, कारण मला त्या उपयोगी पडल्या.

पहिली पायरी: वही

एक दिवस, एकदाच, वही घेऊन बसा. वर लिहा 'मी कोण?' आणि खाली सुचतील ती सगळी उत्तरं, एका ओळीत एक. नाव, गाव, जात, नोकरी, अमक्याची आई, तमक्याचा जावई, तापट, हळवी, मधुमेही, मुंबईकर. खोटं सात्त्विक काही लिहू नका. 'मी आत्मा आहे' असं लिहायचा मोह झाला तर पेन खाली ठेवा आणि चहा पिऊन या.

मग प्रत्येक ओळीला तीन प्रश्न लावा. मी पाच वर्षांची होते तेव्हा हे होतं का? काल रात्री गाढ झोपेत हे होतं का? आणि हे मला कळतं का? तिसरा प्रश्न सगळ्यात धारदार आहे. जे मला कळतं, ते माझ्यासमोर आहे. समोर असलेला आरसा म्हणजे बघणारी नव्हे. वेदान्तात याला दृक्-दृश्य विवेक म्हणतात, बघणारा आणि दिसणारं यांची निवड. माझा तापटपणा मला कळतो. गुडघ्याची कळ मला कळते. मनाची चलबिचलही मला कळते. एकेक ओळ अशी खोडत जा.

माझ्या वहीतलं पहिलंच उत्तर, नाव, पहिल्या फटक्यात गेलं. लग्नात ताटातल्या तांदळात बोटाने दुसरं नाव लिहिलं होतं, आणि ते बदलताना आतलं काहीच बदललं नव्हतं. 'आई' ही ओळ मात्र खोडवेना. ती मी तीन दिवस तशीच ठेवली. तुमचीही एखादी अशी ओळ असेल. जबरदस्ती करू नका, तिच्यापुढे नुसती फुली मारून ठेवा.

खोडण्याचा अर्थ 'हे सगळं खोटं, टाकून द्या' असा नाही. नोकरी राहील, आईपणही राहील. फक्त 'मी' या शब्दाचा मुक्काम तिथे नाही, एवढंच बघायचं. आणि हा व्यायाम रोज करायचा नाही. महर्षींचा दृष्टांत आहे की केर टाकायचा असेल तर तो निवडत बसू नये. वही एवढ्यासाठीच, की नेहमीची उत्तरं एकदा कागदावर ओतली गेली की बसल्यावर ती मध्ये मध्ये येत नाहीत.

दुसरी पायरी: बैठक

वीस मिनिटं पुरेत. सकाळी फोन हातात घेण्याआधी बसलं तर निम्मं काम झालं. पद्मासनाची गरज नाही. खुर्चीत पाठ सैल पण सरळ ठेवून बसा. जेवल्यावर लगेच बसू नका, डुलकी लागते. डोळे मिटा किंवा अर्धे उघडे ठेवा. उदबत्ती हवी असेल तर लावा, तिने काही बिघडत नाही आणि काही घडतही नाही.

पहिली दोन-तीन मिनिटं श्वास येतो-जातो तो बघा. तो लांबवू नका, रोखू नका. मन आणि प्राण एकाच ठिकाणाहून उठतात, म्हणून श्वास शांत झाला की मनही निवतं, असं महर्षी सांगत. पण ते निवणं तात्पुरतं. लगाम खेचला म्हणजे घोडा थांबतो, माणसाळतो असं नाही. तेवढी शांतता आली की पुढे चला.

तिसरी पायरी: खरी कृती

इथे मी माझ्या एका बैठकीची नोंद जशीच्या तशी देते, कारण नियमांपेक्षा ती जास्त सांगेल.

बसले. लगेच विचार आला, गॅस बंद केला का? हा विचार कोणाला आला? मला. हा 'मी' कोण? या ठिकाणी लक्ष गॅसवरून सुटलं आणि क्षणभर मागे वळलं. तिथे काही दिसलं नाही, नुसतं असल्याचं भान होतं. अर्ध्या सेकंदात दुसरा विचार: हे बरोबर करते आहे का? ही शंका कोणाला? मला. हा 'मी' कोण? पुन्हा वळले. मग शेजारच्या मिक्सरचा आवाज. ऐकू कोणाला आलं? मला. पुन्हा. मग एकदम लहानपणीची विहीर, रहाट, आजी, आणि त्या आठवणीत मी चार मिनिटं पार बुडाले. जाग आली तेव्हा चिडले. ही चिडचिड कोणाला? मला.

एवढंच. दिसायला हे पोरकट वाटतं, मला मान्य आहे. पण त्यात घडतं काय ते बघा. विचार नेहमी कशाचा तरी असतो: गॅसचा, मिक्सरचा, आजीचा. लक्ष त्या 'कशाचा तरी'कडे धावतं. 'कोणाला?' विचारलं की ते धावणं थांबून मान मागे वळते. ते मान वळणं हीच साधना. पाठीमागून कोणी हाक मारली की आपण वळून बघतो. वळल्यावर 'वळले, वळले' असं पुटपुटत बसत नाही. म्हणून 'मी कोण, मी कोण' असा जप करू नका. ही माझी पहिल्या सहा महिन्यांची चूक. मी माळ घेऊन प्रश्न मोजत होते! महर्षींचा दाखला मला फार उशिरा कळला: चिता ढोसायला घेतलेली काठी शेवटी त्याच चितेत जळते. हा प्रश्न ती काठी आहे. वळण्यापुरता वापरायचा आणि सोडायचा.

उत्तराचीही वाट बघू नका. शब्दात आलेलं कुठलंही उत्तर, 'मी चैतन्य आहे' हेसुद्धा, आणखी एक विचार आहे. त्यालाही तीच वागणूक: हे कोणाला सुचलं?

हे 'मी'शीच का बांधायचं? महर्षींचं म्हणणं असं की सगळ्या विचारांच्या आधी 'मी' हा विचार उठतो; बाकीचे त्याला लोंबकळतात. प्रथम पुरुष उभा राहिल्याशिवाय द्वितीय आणि तृतीय पुरुष नाहीत. यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तपासता येतं. लग्नकार्याला परक्या घरी झोपलेलं असताना जाग येते तो क्षण आठवा. भिंत कुठल्या बाजूला, वार कोणता, आपण कुणाकडे आलोय, काहीच कळत नसतं. पण 'आहे' हे पक्कं असतं. मग सर्रकन 'मी' येतो, त्याच्यामागे नाव, गाव, घर, आणि आज कुठली साडी नेसायची इथपर्यंतचा सगळा संसार. उद्यापासून गजर वाजल्यावर ती पहिली दोन सेकंदं पकडायचा प्रयत्न करा. बैठकीपेक्षा मला या एका खटाटोपाने जास्त शिकवलं.

कोरी जागा

काही आठवड्यांनी 'मला' म्हणून वळल्यावर पुढचा विचार लगेच येत नाही. एक कोरी, निवांत जागा लागते. इथे लोक खूश होतात आणि इथेच बहुतेक जण अडकतात.

महर्षी एका तपस्व्याची गोष्ट सांगत. गंगेकाठी समाधीत जाणाऱ्या एका योग्याला एकदा जाग आली, तहान लागली. शिष्याला म्हणाला, पाणी आण. शिष्य पाणी घेऊन यायच्या आत तो पुन्हा समाधीत गेला. शेकडो वर्षं लोटली, राज्यं बदलली, शिष्य गेला, गंगेने पात्र बदललं. योगी जागा झाला आणि पहिला शब्द उच्चारला, पाणी! मन गप्प झालं होतं, गेलं नव्हतं. ज्या तहानेवर थांबलं तिथूनच सुरू झालं. मन नुसतं गप्प होण्याला मनोलय म्हणतात, ते जाण्याला मनोनाश. आपल्या वीस मिनिटांच्या बैठकीतही हेच होतं. छान शांत वाटतं, उठतो, आणि कामवाली आली नाही म्हटल्यावर तीच तहान, तेच पाणी.

उपाय सोपा आहे आणि आळसामुळे नकोसा वाटतो. त्या शांततेतही विचारायचं: ही शांतता कोणाला कळते आहे? कळणारं कोणी जागं असेल तर तिथेच टिकून राहा. कोणीच जागं नसेल तर ती डुलकी होती. उठा, तोंडावर पाणी मारा. कधी कधी या जागेत भीती वाटते, आपण नाहीसे होऊ अशी. तेव्हाही मराठी व्याकरण सोबत असतंच: भीती वाटली. कोणाला?

प्रश्न कोरडा वाटत असेल तर

काहींना प्रश्न विचारणं म्हणजे उलटतपासणी वाटते. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे आणि ती मुंबईतून जाते. मारुती कांबळी, जन्म १८९७, बालपण मालवणजवळच्या कांदळगावात, पोट विड्यांच्या दुकानावर. १९३३ साली त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले. गुरूंनी सांगितलं ते इतकंच की 'मी आहे' या जाणिवेला धरून राहा. दुकान सांभाळत, संसार करत त्यांनी तेवढंच धरलं. तेच पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखले गेले. खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर ते मराठीत बोलत आणि समोर देशोदेशीचे लोक दुभाष्यामार्फत ऐकत. हे संवाद १९७३ साली इंग्रजी पुस्तक होऊन जगभर गेले. गंमत अशी की माझ्या ओळखीतल्या अनेकांनी ते आधी इंग्रजीतच वाचले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कृती अशी: 'कोण?' विचारूच नका. 'मी अमुक आहे' यातलं अमुक सोडा. 'मी थकले आहे' मधलं थकणं बाजूला ठेवा, 'मी आहे' उरतं. तिथे लक्ष ठेवा, जसं दुधावर ठेवतो. एकटक रोखून बघायचं नाही, पण स्वयंपाकघर सोडूनही जायचं नाही. लक्ष हललं की परत आणा. भाविक स्वभावाच्या माणसांना ही वाट जास्त मानवते, असं माझं निरीक्षण आहे. मी स्वतः दोन्ही वापरते. डोकं भणभणत असेल त्या दिवशी प्रश्न, शांत असेल त्या दिवशी हे.

चार देहांची उतरंड

सिद्धरामेश्वरांच्या इंचगिरी परंपरेत दासबोध हा रोजच्या निरूपणातला ग्रंथ, आणि समजावण्याची रीत चार देहांची. हिला मी बैठक म्हणून महिन्यातून एकदा करते, पाऊण तास काढून.

आधी स्थूल देह. टाळूपासून अंगठ्यापर्यंत एकेक अवयव बघत या आणि दर ठिकाणी तपासा, 'मी' इथे राहतो का? हाताला 'माझा' म्हणतो, म्हणजे मालक वेगळा. मग सूक्ष्म देह: इंद्रियं, प्राण, मन, बुद्धी. इथे वेळ लागतो, कारण बुद्धीला 'मी' समजायची सवय शिकलेल्या माणसात फार जुनी असते. इथपर्यंत वहीतलंच काम आहे.

खरी मेख तिसऱ्यात. सगळं बाजूला सारल्यावर जे काहीच-नाही असं वाटतं, तो कारण देह; विसराचा, अंधाराचा. गाढ झोपेत आपण इथेच असतो. साधक इथे येऊन म्हणतो, बघितलं, आत कोणी नाही. पण 'कोणी नाही' हे कळलं कसं? दहा जण नदी उतरले आणि प्रत्येकाने मोजले तर नऊच भरत होते, ही गोष्ट लहानपणी ऐकली असेल. मोजणारा स्वतःला सोडून मोजत होता. कारण देहात आपण नेमकं हेच करतो. तो अंधार ज्याला कळला, त्या जाणिवेला महाकारण म्हणतात: निव्वळ 'मी आहे'चं भान. आणि सिद्धरामेश्वर तिथेही थांबू देत नाहीत, तोही देहच म्हणतात, तोही सोडायचा. त्यापुढचं लिहायचा माझा अधिकार नाही. मी तिसऱ्या-चौथ्याच्या उंबऱ्यावर ये-जा करणारी बाई आहे.

बैठकीबाहेर

एकदा ऑफिसात एका मोठ्या कामाचं कौतुक झालं आणि भाषणात सगळ्यांची नावं घेतली गेली, माझं सोडून. चार महिने मी त्यात राबले होते. संध्याकाळच्या लोकलमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती आणि आत नुसता जाळ. घाटकोपरपर्यंत मी मनातल्या मनात तीन वेगवेगळी भाषणं ठोकली. मग सुचलं की आज टपाल फार मोठं आलंय, तर घेणारा बघावाच. राग कोणाला आला? मला. कुठल्या मला? ज्या बाईचं नाव घेतलं नाही, तिला. ती बाई कोण? आणि इथे ती बाई मला समोर दिसली: पदर खोचून उभी, वहीतली बाविसावी ओळ. तिला बघणारी मी मात्र तिथेच होते, दांडीला लोंबकळत, आणि माझ्यात राग नव्हता.

राग गेला असं सांगणार नाही. डोंबिवलीला उतरताना तो परत आला. पण दुसऱ्या दिवशी साहेबांशी बोलले तेव्हा आवाज चढला नाही, आणि बोलायचं ते स्पष्ट बोलले. हे महत्त्वाचं आहे. आत्मविचार म्हणजे अन्याय गिळण्याची युक्ती नव्हे. 'नाव कोणाचं राहिलं? मी तर ते नाव नव्हेच' असं म्हणून गप्प बसले असते, तर तो भित्रेपणा झाला असता, वर अध्यात्माचा मुलामा दिलेला.

दिवसभरात यासाठी तीन जागा ठरवून घ्या. सिग्नल, लिफ्ट, कुकरच्या शिट्ट्यांची वाट बघणं, काहीही. एकेक वेळ फक्त मान वळवायची. आणि मोठा राग, मोठा आनंद, मोठी लाज आली की तो दिवस सोन्याचा, कारण तेव्हा 'मी' इतका फुगलेला असतो की सापडायला सोपा जातो.

घसरायच्या जागा

पहिली, हा प्रश्न दुसऱ्यावर वापरणं. नणंद तावातावाने काही सांगत होती आणि मी शांतपणे विचारलं, 'वन्सं, पण हा राग नेमका आला कोणाला?' त्यांच्या हातात झारा होता. वाचले मी.

दुसरी, छातीत उजवीकडे प्रकाश दिसतो का, कंप जाणवतो का, हे शोधत बसणं. महर्षींनी हृदयस्थानाचा उल्लेख केला आहे हे खरं, पण काही दिसलं तर ते दिसणारंच झालं. दिसलं कोणाला, हा प्रश्न तिथेही लागू.

तिसरी, उसनी उत्तरं. आपल्याकडे बाळसुद्धा जन्मताना 'कोऽहं' म्हणत रडतं म्हणतात आणि सोऽहं हे उत्तर तयार असतं. ते चुकीचं आहे असं नाही. पण दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं गणित आहे.

इथे एक मतभेदही नोंदवते, कारण महाराष्ट्रात बौद्ध वाचक मोठ्या संख्येने आहेत. बुद्धांनी 'मी आहे का, मी कोण आहे' अशा प्रश्नांच्या घोळक्याला अयोग्य दिशेचा विचार म्हटलं आहे. त्यांची रीत रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांकडे बघून 'हे माझं नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही' असं पाहण्याची. वहीच्या व्यायामापर्यंत दोन्ही वाटा मला शेजारून जाताना दिसतात. पुढे वेदान्ती म्हणतो, बघणारा उरला. बौद्ध म्हणतो, तोही धरू नकोस. हा वाद वरवर मिटवून टाकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

शेवटची जागा सगळ्यात गंभीर. नैराश्य चालू असेल, पॅनिकचे झटके येत असतील, किंवा आपण आणि आजूबाजूचं जग खरं नाहीच, काचेपलीकडे आहे असं वाटून घाबरायला होत असेल, तर हा अभ्यास थांबवा. ती साक्षीभावाची पायरी नव्हे, त्रास आहे, आणि त्याला उपचार असतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आतून दुभंगल्यासारखं वाटत असताना 'मी नाहीच' असं घोकणं म्हणजे जखमेवर चाकू चालवणं. बरं वाटल्यावर, तज्ज्ञांना विचारून, सावकाश.

तिरुवण्णामलैला जायलाच हवं का?

नाही. पण गेलात तर वाईट नाही. काटपाडी-विळुपुरम मार्गावर स्टेशन आहे. महर्षींच्या आश्रमातल्या जुन्या हॉलमध्ये बसायला मिळतं. मागून डोंगरात चढत गेलं की स्कंदाश्रम लागतो आणि खाली उतरताना विरूपाक्ष गुहा, जिथे महर्षी १८९९ ते १९१६ राहिले. अरुणाचलाची प्रदक्षिणा १४ किलोमीटरची आहे, ती पहाटे करा, उन्हात पाय भाजतात. गुहेत मी मोठ्या अपेक्षेने बसले आणि पाऊण तास परतीच्या तिकिटाचा विचार केला. कोणाला आला तो विचार, हे विचारायचं मात्र त्या दिवशी सुचलं नाही.

ती वही जपून ठेवा आणि वर्षाने पुन्हा बसा, कोऱ्या पानावर, जुनं न बघता. माझ्या पहिल्या यादीत सत्तावीस ओळी होत्या. या वर्षी चार लिहून झाल्या आणि पाचवी सुचेना. थोडा वेळ पेन हातात धरून बसले, मग उठून कुकर लावला. 'आई'पुढची फुली अजून तशीच आहे.